चहाच्या सुट्टीतली लढत

जिमच्या बेसिनच्या कडेला गुलाबी गमशील्ड पडलं होतं — दातांवर बसवायचं रबर, त्यावर पांढऱ्या रंगाने सुळे काढलेले, म्हणजे तोंड उघडलं की समोरचीने घाबरावं अशी अपेक्षा असणार — आणि त्याच्या आतल्या बाजूला थुंकीचा एक बुडबुडा अजून फुटायचा होता. तिने ते दोन बोटांत उचलून नळाखाली धरलं. कुणाचं आहे हे विचारायची गरज नव्हती. सकाळच्या बॅचमधल्या त्या दातांच्या डॉक्टरणीचं. स्वतःच्या दवाखान्यात स्वतःच्या मापाचं हौसेने करून घेतलं, चार जणींना दाखवलं, आणि आता इथे विसरून गेली; उद्या येईल आणि लाडात म्हणेल, मॅडम, माझे दात सापडले का.

आमच्या वेळी… असं म्हणायला लागलं की माणूस म्हातारं झालं म्हणतात. झालं तर झालं. आमच्या वेळी गमशील्ड पुरुषांच्या जबड्याचं मिळायचं, दुसरं मिळायचंच नाही. ते टाळूपर्यंत जायचं आणि उलटी यायची. मग दाभणने, रिंगणात माझ्यासमोर असायची त्या मैत्रिणीने, एकदा घरातली भाजीची कात्री आणली, मला आ करायला लावलं, आणि रबर घाल-काढ करत, माझ्या तोंडात डोकावत, कडा कापत बसली. तिच्या बोटांना कांद्याचा वास येत होता. कापून झाल्यावर म्हणाली, आता बिनधास्त मार खा. आणि स्वतःच हसली.

तिने गुलाबी रबर झटकलं आणि खिडकीत वाळत ठेवलं, सुळे बाहेरच्या बाजूला करून.

हल्ली या जिममध्ये बायका मावत नाहीत. सगळ्या वयाच्या, सगळ्या मापाच्या, आणि सगळ्यांना आत्मविश्वास हवा असतो — जणू तो इथे कपाटात ठेवलाय आणि ही म्हातारी किल्ली देत नाही. दोघी बहिणी आहेत, त्या हातपट्ट्या बांधल्या की आधी मुठींचे फोटो काढतात, मग पट्ट्या सोडतात, पुन्हा बांधतात, कारण फोटोत सुरकुती आली. एक बँकवाली आहे. तिला बॅगेला ठोसा मारताना साहेबाचा चेहरा दिसतो म्हणे, आणि ती हे सगळ्यांना सांगते, आणि साहेबापुढे मात्र तोंडातून शब्द फुटत नाही. घामाला वास येतो याचं यांना आश्चर्य वाटतं. मार लागतो याचं तर त्याहून. परवा एकीच्या नाकाला जरासा स्पर्श झाला, तर तिच्या नवऱ्याचा फोन आला. मॅडमनी त्याला सांगितलं, नाक आहे तिथेच आहे, येऊन मोजून घ्या.

या सगळ्या गर्दीत एकच मुलगी अशी होती की जिच्यापुढे तिचं नाक मुरडायचं राहून जाई. टाचणी. दाभणची नात. हे नाव तिनेच ठेवलेलं. आजी दाभण, तर नात टाचणी, आणि पोरीने ते इतकं मनावर घेतलं की शाळेतही तेच चालू झालं. डावा हात सरळ खांद्यातून निघायचा, वाटेत कुठेही न रेंगाळता, आणि परत जागेवर. हे शिकवून येत नाही. तिने शिकवलंही नव्हतं. पहिल्या दिवशी तो हात बॅगेवर पडताना तिने पाहिला आणि पाठीमागे वळून पट्ट्यांची टोपली उगाच नीट लावत बसली.

आज टाचणीची जोडी बँकवालीबरोबर लावली, तर पोरीचं तोंड पडलं.

"आजी, मला कालच्याच मुलीबरोबर दे ना. आमचं छान जमतं."

"जमतं म्हणूनच नको. मी इथे सोयरिकी जुळवायला बसलेले नाही."

"पण सगळ्या ठिकाणी ठरलेली जोडी असते. तूच एकटी अशी आहेस."

"मग जा सगळ्या ठिकाणी."

हा नियम जिमभर चेष्टेचा विषय होता. लागोपाठ दोन दिवस एकीने एकीशीच सराव करायचा नाही. रोज नवी. कुणाला कारण कळत नव्हतं. बहिणींचं मत असं की मॅडमना मैत्री बघवत नाही. असेल. बिनकारणाचे नियम लोक जास्त पाळतात, म्हणून तिने कारण कधी सांगितलं नाही… किंवा सांगायला गेलं तर कुठून सुरुवात करायची, हा प्रश्न होता. बँकवालीने तेवढ्यात डोळे मिटून एक ठोसा हवेत मारला आणि टाचणीने तिच्या कपाळावर अगदी हलकेच डावा टेकवला — टोचली नाही, नुसती टेकली — आणि दोघी हसायला लागल्या.

मोबाईल वाजला. सेक्रेटरी. बॉक्सिंग संघटनेचा सेक्रेटरी हे त्याचं आता नावच झालंय. केस पिकले, पोट सुटलं, खुर्ची तीच.

"ताई, संध्याकाळी समारंभाला वेळेवर या हं. तुम्हाला आणि दाभणताईंना एकत्र स्टेजवर घेतोय. अहो, इतिहास आहात तुम्ही."

"इतिहास आहे तर मग दोन शब्द बोला असं कशाला म्हणताय? इतिहास काही बोलत नाही."

तो हसला. तो कशालाही हसतो. तेव्हाही हसायचा. तेव्हा हा तरुण होता, संघटनेत नवा, हातात शिट्टी आणि खिशात कंगवा, आणि यानेच ती युक्ती काढली होती: पुरुषांच्या लढतींत मध्ये चहाची सुट्टी असते, लोक उठून जातात, खुर्च्या रिकाम्या दिसतात, तेवढ्यात या दोघींना सोडू रिंगणात. गंमत म्हणून. लोक पेला हातात घेऊन परत येतील. आले. पेले घेऊन आले, तोंडात बिस्किटं होती, आणि घंटा वाजल्यावर जे हसू उठलं… त्याला आवाज होता, वजन होतं. पुढे प्रत्येक स्पर्धेत तेच. चहा आणि आम्ही.

दुपारी घरी येऊन तिने सकाळचं उरलेलं उभ्यानेच खाल्लं आणि संध्याकाळचे कपडे इस्त्रीला घेतले. कॉलरचं टोक काही केल्या सपाट बसेना. काल रात्रीपासून तिने एक गोष्ट अशीच बाजूला सारली होती आणि ती पुन्हा पुन्हा वर येत होती: दाभणच्या मुलीचा फोन.

दाभणची मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. मोजकं बोलते, गोळ्यांची पट्टी कापून द्यावी तसं एकेक वाक्य.

"मावशी, आईला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. हात थरथरतात ते वयामुळे नाही म्हणाले."

"मग कशामुळे?"

"ते विचारत होते, डोक्याला मार बसायचा का. म्हणजे पुष्कळ, वर्षानुवर्षं. आईला विचारलं तर ती नुसती बघते. तुम्हालाच माहीत असणार."

"डॉक्टरांना काय, काहीतरी कारण लागतं."

"उद्या समारंभाला भेटू, तेव्हा सांगा. टाचणीचं काय करायचं ते मी मग ठरवते. तिला थांबवायचं तर आत्ताच थांबवते."

इस्त्री कॉलरवर तशीच राहिली होती. वास आल्यावर उचलली. पिवळा डाग पडला. पडू दे. त्या समारंभाला एवढं पुरे आहे.

पुष्कळ मार. वर्षानुवर्षं. कुणाकडून, हे त्या मोठ्या डॉक्टराने विचारलं नाही. विचारायचं तरी काय? एखादा बॉक्सर म्हटला की शंभर जण त्याला मारून गेलेले असतात, त्यातला कुठला कुणाचा, हिशेब लागत नाही. पण या गावात लढणाऱ्या बायका होत्याच दोन. मी आणि ती. तिच्यासमोर मी, माझ्यासमोर ती. मे महिन्यातही, थंडीतही, ती बाळंतपणातून उठली तेव्हाही, मी दुःखातून उठले तेव्हाही. तिसरी कुणी आलीच नाही. दोघीतिघी यायच्या, एक संध्याकाळ पाहायच्या, आणि लग्न ठरायचं. म्हणजे त्या डोक्यात बसलेला प्रत्येक ठोसा… तिने वाक्य तिथेच सोडलं आणि इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली.

हेडगार्ड का घातलं नाही म्हणून आजचे शहाणे विचारतील. होतं की. पुरुषांचं होतं. घातलं की डोळ्यांवर सरकायचं आणि आंधळी कोशिंबीर व्हायची, त्यावर तर लोक इतके हसले की चहा सांडला. दुसऱ्या वेळी आम्ही दोघींनी ती काढून कोपऱ्यात फेकली. पंचाने हरकत घेतली नाही. पंच तरी कुठे ती लढत समजत होता.

वाटेत आम्ही ठरवायचो. सायकली हातात धरून चालत यायचो आणि दाभण म्हणायची, आज हळू हं, मला उद्या पाहुणे आहेत, गाल सुजला तर काय सांगू. मी म्हणायचे, हळूच. अगदी मनापासून म्हणायचे. आणि मग दोरांच्या आत शिरलं की तो आवाज यायचा — अरे धर तिचे केस, अरे लाटणं द्या कुणीतरी — आणि माझ्या पोटात काहीतरी पेटायचं. मी लोकांना बघून घेणार असायचे. त्या प्रत्येक पेलेवाल्याला. त्या शिट्टीवाल्याला. पण ते सगळे दोराच्या पलीकडे होते, आणि अलीकडे, हाताच्या टप्प्यात, फक्त ती होती.

मी कुलूप होते. लोकांनीच ठेवलेलं नाव. दोन्ही मुठी गालांना लावून मी बंद झाले की काही आत जायचं नाही. दाभण तशी नव्हती. ती उघडी लढायची. डावा पुढे काढायची, टोचायची, हसायची, आणि तिचा चेहरा पूर्ण मोकळा. तिने कधी तोंड झाकलं नाही. एकदाही नाही. माझा उजवा येताना तिला दिसायचा आणि ती तो बघत राहायची, जणू मी काहीतरी द्यायला हात पुढे केलाय.

संध्याकाळी हॉलच्या दारातच एक लांबलचक फलक लावला होता. महिला मुष्टियुद्धाची गौरवशाली वाटचाल. डावीकडून सुरू होऊन उजवीकडे जिन्यापर्यंत. सुरुवातीला धुरकट फोटो, मधे जरा रंग, आणि शेवटी पदकं चावणाऱ्या मुली. बायकांनी ठोसे मारले तर गर्भाशय सरकतं असं म्हणणारे डॉक्टर त्यात नव्हते. बायकांनी स्कर्ट घालून लढावं, म्हणजे टीव्हीवर ओळखू येतील, असं सुचवणारे वरचे लोक नव्हते. ऑलिम्पिकवाल्यांना बायकांसाठी दोर उघडायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, हे होतं, पण असं लिहिलेलं की जणू त्यांनी वाट पाहून पाहून कंटाळून आपल्याला बोलावलं. डाव्या टोकाच्या फोटोत दोन आकृत्या होत्या. कोण कुठली ते कळत नव्हतं. मागे पेला धरलेला एक हात मात्र स्पष्ट आला होता. गौरवशाली.

जिन्याखाली दाभण खुर्चीत बसली होती. नवे कपडे, केस कुणीतरी चापूनचोपून बसवलेले, मांडीवर दोन्ही हात, आणि ते हात आपापले काहीतरी काम करत असल्यासारखे हलत होते. तिने मान वर करून पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नव्हतं. टाचणी तिच्या खांद्याला टेकून उभी होती, शाळेची बॅग पाठीवरच.

"आजी, बघ कोण आलंय. कुलूप आलंय."

दाभण हसली. ती कुणालाही हसत असेल.

दाभणच्या मुलीने मावशीला बाजूला घेतलं. भिंतीशी, फलकाच्या मधल्या भागात, जिथे रंग सुरू होतात.

"सांगा ना मावशी. मी रात्रभर झोपले नाही."

आता सांगायचं होतं. ती वाक्य घेऊनच आली होती. ते घरातून निघताना एक होतं, रिक्षात दुसरं झालं, आणि आता समोर ही बाई, डोळ्यांखाली काळं, काउंटरवरून थेट आलेली, आणि पलीकडे ती पोर आजीचा हलणारा हात धरून त्याला पट्टी बांधल्यासारखं बोट फिरवत होती. खरं सांगितलं तर उद्यापासून ही पोर येणार नाही. उद्यापासून बँकवाली, दातवाली, फोटोवाल्या… आणि माझ्या जिममध्ये तो डावा पुन्हा निघणार नाही. डॉक्टरला काय कळतं. आता हेडगार्ड आहेत मापाची. आता मी रोज नवी जोडी लावते.

"तुझ्या आईला?" ती म्हणाली, आणि आवाजात नेहमीची तुच्छता आपोआप आली, ती कामाला आली. "तुझ्या आईला कोण मारणार होतं? तिला हात लावायची टाप नव्हती कुणाची. लोकांना विचार."

मुलीच्या खांद्यांतून काहीतरी सुटलं. तिने डोळे पुसले.

"मग टाचणीला येऊ दे ना?"

"येऊ दे की. न यायला काय झालंय."

स्टेजवर सिमेंटचा कारखाना असलेले प्रमुख पाहुणे होते, पुष्पगुच्छ होते, आणि माईकवर सेक्रेटरी होता. आम्ही त्या काळी महिलांना व्यासपीठ दिलं, म्हणाला. त्या काळी. आम्ही. टाळ्या पडल्या. तिने मनात त्याच्या पोटावर एक डावा, एक उजवा लावला आणि जरा बरं वाटलं. याने व्यासपीठ दिलं. चहा पिऊन होईपर्यंत. बहिणी पुढच्या रांगेत फोन उंच धरून बसल्या होत्या. त्यांना वाटत असणार, हे सगळं त्यांच्यासाठीच होत आलंय, आणि एका अर्थी तसंच होतं, यात तिला आणखी राग आला. ती खुर्चीत ताठ बसली. हे सगळं संपलं की घरी जायचं. पोर उद्या येणार आहे. बाकी गेलं खड्ड्यात.

दोघींना एकेक ट्रॉफी मिळाली — सोनेरी मुलामा दिलेली मूठ, अंगठा चुकीचा, आत दाबलेला. अशी मूठ मारली तर अंगठाच मोडेल — आणि फोटोवाला पुढे आला.

"ताई, जरा समोरासमोर. हां. लढतीची पोझ द्या ना. एक जुनी आठवण."

"होऊन जाऊ दे," सेक्रेटरी म्हणाला.

दाभणला उभं करून तिच्यासमोर आणलं होतं. इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. भुवईतली ती जुनी खाच. माझ्याच उजव्याची. तिने स्वतःची ट्रॉफी टेबलावर ठेवली, फोटोवाल्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या, उरकून टाकू म्हणून डावा गालाशी नेला आणि उजवा हात वर केला. इतकंच. पोझ. मूठही नीट वळलेली नव्हती.

दाभणने डोकं खांद्यांत ओढलं. डोळे गच्च मिटले, दोन्ही हात तोंडावर आले, कोपरं छातीशी, मनगटं कपाळाशी, आणि ती सगळीच्या सगळी बंद झाली — माझ्यासारखी, हुबेहूब माझ्यासारखी, ही कधीच अशी बंद होत नसे — आणि त्या हातांच्या आतून एक बारीक आवाज आला.

"हळू हं," ती म्हणाली. "उद्या पाहुणे आहेत."

हॉल हसला. वाईट हसला नाही. कौतुकाने, प्रेमाने, किती गोड म्हातारी म्हणून हसला, शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेही नसणार, सिमेंटवाला हसला, बहिणी हसल्या, सेक्रेटरी तर माईकमध्ये हसला. आणि पोटात पेटलं. तेच, त्याच जागी, इतक्या वर्षांनी एक काडी कमी नाही. ती त्या सगळ्यांना बघून घेणार होती… आणि उजवी मूठ आपोआप आवळली गेली, नीट, अंगठा बाहेर, आणि ते सगळे खाली होते, स्टेजच्या पलीकडे, आणि हाताच्या टप्प्यात फक्त ही होती.

तिने मूठ पाहिली. मग मुठीच्या पलीकडे, तिसऱ्या रांगेत, दाभणची मुलगी. ती हसत नव्हती. ती आईकडे बघत नव्हती की स्टेजकडे. ती त्या वर राहिलेल्या हाताकडे बघत होती, काउंटरवर कुणीतरी पुढे केलेली चिठ्ठी वाचावी तशी, सावकाश, शेवटपर्यंत. शेजारी टाचणी उभी राहिली होती आणि आजीकडे बघत होती, आणि तिचा डावा हात नकळत थोडा वर आला होता.

"छान, छान, एक मिनिट, तसंच राहा," फोटोवाला म्हणाला.

ती तशीच राहिली. त्याला काहीतरी बोलावं म्हणून तिने शब्द शोधले, एरवी ते जिभेवरच असतात. सेक्रेटरीसाठी शोधले, ट्रॉफीच्या अंगठ्यासाठी, त्या हसणाऱ्या फोनवाल्यांसाठी. एकही मिळेना. ती माणसं होती, पुढे बसलेली, दिवसभराच्या कामानंतर आलेली, थोडी दमलेली. त्यांच्यावरचा एवढा जुना राग आत्ता इथे होता, आणि आता तो ठेवायला जागाच उरली नव्हती. समोर दाभण अजून मिटलेली होती. मनगटांच्या फटीतून तिचा एक डोळा उघडला, वर रोखला गेला, आणि वाट पाहू लागला. उद्या सकाळी कोण येईल, कोण नाही, ते उद्या कळणार होतं. आत्ता एवढंच कळत नव्हतं की हा हात खाली आणायचा कसा, म्हणजे तो खाली येताना हिला पुन्हा मारल्यासारखा दिसणार नाही.